श्वासाच्या अंमलाखाली : विन्यास योगाची तोंडओळख

आसन म्हटले की शरीराची एक ठराविक आकृती आणि तीत निश्चल राहणे, एवढीच कल्पना आपल्याकडील बहुसंख्य सुशिक्षितांच्या मनात असते, आणि 'हठयोगप्रदीपिके'सारख्या जुन्या ग्रंथात जी पंधरा आसने वर्णिली आहेत त्यांची मांडणी पाहता ही कल्पना निराधार आहे असे म्हणवत नाही. विन्यास योगाचे लक्ष मात्र एका आसनातून दुसऱ्या आसनात जाण्याच्या मधल्या वाटेवर आहे. कोणत्या श्वासाबरोबर हात वर जावेत, कोणत्या उच्छ्वासाबरोबर कंबरेतून वाकावे, आसनात किती श्वास थांबावे आणि ते सोडून पुन्हा समस्थितीत कसे यावे, हे सारे येथे क्रमाने बांधलेले असते. आणि या क्रमाची मुखत्यारी स्नायूंकडे नसून श्वासाकडे असते, ही गोष्ट नवशिक्याने पहिल्याच दिवशी मनाशी पक्की केली तर पुढचे कितीतरी कष्ट वाचतात.

या पद्धतीचे आधुनिक काळातील घर म्हणजे म्हैसूर संस्थान. तेथील महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी तिरुमलाई कृष्णमाचार्य या व्युत्पन्न पंडितास राजाश्रय दिला आणि १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात त्यांच्या योगशाळेची तजवीज केली. पुढच्याच वर्षी कन्नडात प्रसिद्ध झालेल्या 'योग मकरंद' या त्यांच्या ग्रंथात अनेक आसनांच्या वर्णनात विन्यासांचा क्रमांकवार उल्लेख आढळतो. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारची मदत आटली आणि १९५० साली ही शाळा बंद पडली. परंतु त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस यांनी १९४८ मध्येच म्हैसुरात स्वतःची संस्था काढली होती, आणि आज देशोदेशी विन्यास या नावाने जे वर्ग चालतात त्यांतील पुष्कळांची वंशावळ त्यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीपाशी जाऊन पोहोचते.

कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले, आणि त्यांनी आसनात दीर्घ काळ स्थिर राहून अवयवांची मांडणी चोख करण्यावर भर दिल्यामुळे मराठी मुलुखाला या परंपरेचा परिचय घडला तो मुख्यतः तिच्या स्थिर बाजूने. गतिमान बाजू आपणांस सर्वस्वी परकी होती असे मात्र नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने पुरस्कार करून आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांचा शिरस्ताच घालून दिला होता. आणि ज्या घरांत नमस्कार घालण्याची रीत टिकून आहे, तेथील माणसाला विन्यासाचा उंबरठा ओलांडणे अवघड नाही. त्याला बदलावे लागते ते एवढेच, की नमस्कारांच्या संख्येवरचे लक्ष काढून ते श्वासावर न्यायचे.

अष्टांग विन्यासातील पहिल्या सूर्यनमस्काराचे विन्यास नऊ असून शिक्षक ते एकम्, द्वे, त्रीणि असे संस्कृतात मोजतात. समस्थितीत उभे राहून श्वास घेत हात डोक्यावर जोडावेत. सोडत पुढे वाकावे. घेत पाठ लांबवून मान उचलावी. सोडत पाय मागे नेऊन चतुरंग दंडासनात उतरावे. घेत छाती उघडून ऊर्ध्वमुख श्वानासनात यावे. सोडत कंबर वर उचलून अधोमुख श्वानासन करावे आणि तेथे पाच श्वास थांबावे. मग घेत पाय हातांपाशी आणून मान उचलावी, सोडत वाकावे, घेत उभे राहून हात वर न्यावेत आणि सोडत समस्थितीत यावे. यांतले चतुरंग दंडासन हीच नवशिक्याची खरी कसोटी. दंडांत बळ नसताना खांदे कोपरांच्या खाली घसरतात आणि तीच घसरण रोज घडत राहिली की खांदा दुखू लागतो. म्हणून आरंभीचे काही आठवडे गुडघे जमिनीस टेकवूनच उतरावे आणि अधोमुख श्वानासनात गुडघे किंचित वाकवून पाठ सरळ राखावी, यात कमीपणा मुळीच नाही.

श्वास नाकाने घ्यावा व नाकानेच सोडावा. आरशावर वाफ सोडताना घशाचा जो भाग आवळला जातो, तोच तोंड मिटून हलकेच आवळला म्हणजे एक मंद, घर्षयुक्त ध्वनी उमटतो. विन्यासाच्या वर्गांत यालाच उज्जायी श्वास म्हणतात. या ध्वनीची उपयुक्तता फार मोठी आहे, कारण तो खंडित झाला, कर्कश झाला किंवा धाप लागून तोंड उघडले, की गती आपल्या शक्तीबाहेर गेली हे तत्काळ कळते. हल्ली शहरांतल्या कित्येक वर्गांत विन्यास म्हणजे संगीताच्या तालावरची झपाट्याची कवायत असा समज रूढ होत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. घामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही, परंतु श्वास मागे टाकून जो पुढे धावला त्याने विन्यास सोडला, असेच म्हटले पाहिजे.

अभ्यास सकाळी, रिकाम्या पोटी आणि न घसरणाऱ्या चटईवर करावा. प्रारंभी तीन ते पाच नमस्कार, त्यांना जोडून त्रिकोणासन व पश्चिमोत्तानासन यांसारखी थोडी आसने आणि शेवटी काही मिनिटे शवासन, एवढे पुरे. म्हैसूरच्या रीतीप्रमाणे शिक्षक एक आसन स्थिरावल्याखेरीज पुढचे देत नाही, आणि एकाच दालनात प्रत्येक विद्यार्थी आपापल्या श्वासाच्या गतीने अभ्यास करीत असतो. नवशिक्याला ही रीत सामुदायिक हुकमांपेक्षा अधिक मानवते. ज्यांना उच्च रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा विकार किंवा मनगटाची जुनी दुखापत आहे, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभ करू नये. शिक्षक शरीर ओढून किंवा दाबून आसन पुरे करवू लागला तर स्पष्टपणे नको म्हणावे. तो अधिकार प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे, आणि जो शिक्षक तो मान्य करीत नाही त्याचा वर्ग सोडून दुसरा शोधावा.