मनाची मुलूखगिरी – लेखांक ७ : भूल आणि बोल

आपल्या भाषेत मोहिनी ‘घालतात’, गारूड ‘करतात’, भुरळ ‘पाडतात’ आणि भूल ‘देतात’. या साऱ्या व्यवहारांत कोणी तरी एक बलाढ्य कर्ता असतो, आणि ज्याच्यावर ते घडतात तो बिचारा कर्म होऊन निमूटपणे उभा राहतो. मन मात्र ज्याचे त्यालाच ‘मोकळे करावे’ लागते. व्याकरणातला हा लहानसा भेद आरंभीच मांडण्याचे कारण असे की, संमोहनापासून संवादोपचारापर्यंतचा जो सुमारे शंभर वर्षांचा प्रवास आजच्या लेखांकाचा विषय आहे, तो म्हणजे या कर्त्याच्या बदलीचीच हकीकत होय. आणि ही बदली वैद्यांनी आपखुषीने केली नसून बऱ्याच अंशी रोग्यांनी त्यांच्याकडून करवून घेतली, असे माझे मत आहे.

व्हिएन्नाचा डॉक्टर मेस्मर १७७८ साली पॅरिसला आला आणि प्राणिज चुंबकत्वाच्या अदृश्य प्रवाहाने रोग बरे करतो म्हणून सांगू लागला. ओकच्या लाकडाचे झाकणबंद पिंप, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या, त्या दुखऱ्या अंगाला लावून भोवती बसलेले रोगी आणि मधूनमधून कोणाला तरी येणारे झटके, हे त्याच्या उपचारशाळेचे दृश्य होते. १७८४ साली सोळाव्या लुईने या प्रकरणाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि खगोलशास्त्रज्ञ बायी होते, ज्यांच्या नावाचे यंत्र पुढे कुप्रसिद्ध झाले ते डॉक्टर गियोतँ होते, आणि अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्सच्या दरबारी असलेले वृद्ध बेंजामिन फ्रँकलिनही होते. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत मेस्मरच्या देस्लाँ नावाच्या शिष्याने जरदाळूचे एक झाड ‘भारून’ ठेवले, आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाला कवटाळायला लावण्यात आले. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला व खोकला आला, आणि चौथ्यापाशी तो बेशुद्ध होऊन पडला; भारलेले झाड तेथून चोवीस फुटांवर होते. चुंबकत्व काहीच करीत नाही, जे काही करते ते कल्पनाशक्ती करते, असा निवाडा आयोगाने दिला. निवाडा बिनचूक होता. परंतु नुसती कल्पना जर एखाद्या पोराला जमिनीवर लोळवते, तर तिच्यात केवढे सामर्थ्य असले पाहिजे, हा प्रश्न पंचांपैकी कोणी धसास लावला नाही. (बायी व लाव्हाझिए यांना पुढे क्रांतीने त्याच गियोतँच्या नावाच्या यंत्राखाली पाठवले, हे जाता जाता.)

त्याच वर्षी ब्यूझांसी गावी प्युइसेग्यूर नावाच्या जहागीरदाराने छातीच्या विकाराने आजारी असलेल्या व्हिक्तोर रास या तरुण शेतकऱ्यावर हात फिरवले, तेव्हा अपेक्षित झटके न येता तो शांतपणे झोपी गेला, आणि झोपेतच बोलू लागला. जागेपणी मालकापुढे दबून बोलणारा हा कुळाचा माणूस त्या अवस्थेत बरोबरीच्या नात्याने बोले, आणि बहिणीशी झालेल्या तंट्याची घरगुती गोष्टही त्याने तेव्हा मालकाजवळ उघड केली. पुस्तके मेस्मरवर पानेच्या पाने खर्च करतात. मला मात्र या मालिकेतला पहिला महत्त्वाचा पुरुष म्हणून हा शेतकरी दिसतो.

मँचेस्टरचा शल्यविशारद जेम्स ब्रेड याने १८४१ साली एका फिरत्या चुंबकवाद्याचा खेळ पाहिला आणि घरी येऊन आपल्या माणसांना बाटलीच्या तोंडाकडे टक लावून पाहायला बसवले. डोळे थकले, पापण्या मिटल्या. प्रवाहाचे प्रयोजन उरले नाही. ग्रीक भाषेतील निद्रावाचक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले ते यानेच. आणि ही मुळी झोपच नव्हे, एकाच कल्पनेवर खिळलेले अवधान आहे, हे उमगल्यावर ते नाव बदलण्याचा प्रयत्नही त्यानेच केला, परंतु तोवर नाव त्याच्या हातचे गेले होते.

आता हिंदुस्थानातला प्रसंग. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या चाकरीत होता. ४ एप्रिल १८४५ रोजी तुरुंगातल्या एका कैद्यावर त्याने अंडवृद्धीची शस्त्रक्रिया केली. वेदनेने तळमळणाऱ्या त्या माणसाला काही उतार पडावा म्हणून, केवळ वाचून ठाऊक असलेला आणि कधी डोळ्यांनी न पाहिलेला मेस्मरचा प्रयोग त्याने करून पाहिला, आणि कैदी गाढ निद्रेत गेला. एस्डेल इतका चकित झाला की त्याने जिल्ह्याचे न्यायाधीश आणि कलेक्टर यांना साक्षीसाठी बोलावून घेतले. सरकारी माणसाचा आपल्या डोळ्यांपेक्षा हुद्देदाराच्या साक्षीवर अधिक भरवसा असतो. पुढील आठ महिन्यांत त्याने ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची यादी सादर केली. तिच्यात हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी कापून काढल्याच्या नोंदी होत्या. रीत अशी : अंधाऱ्या खोलीत रोग्याला उताणे निजवायचे, डोक्यामागे बसून त्याच्यावर ओणवे व्हायचे, आणि डोक्यापासून पोटाच्या खळगीपर्यंत दोन्ही हात संथपणे उतरवीत राहायचे, मधून मधून श्वासाची ऊब द्यायची, हे तासन् तास, गरज पडल्यास दिवसामागून दिवस. हे कष्ट डॉक्टरसाहेबांना फार काळ झेपेनात, म्हणून दवाखान्यातले देशी साहाय्यक व कंपाउंडर त्या कामावर लागले. एस्डेलचे नाव ग्रंथांत राहिले. ज्यांचे हात भरून आले त्यांची फारशी आठवण कोणी ठेवली नाही.

बंगाल सरकारने १८४६ साली चौकशीमंडळ नेमले, आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास या प्रयोगासाठी छोटेसे इस्पितळ वर्षभराच्या मुदतीने मंजूर झाले. आणि काळाची थट्टा अशी की, त्याच्या आदल्याच महिन्यात, १६ ऑक्टोबर रोजी, बोस्टनमध्ये ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली होती. जे काम करायला हुगळीत तास लागत ते बाटलीतला द्रव काही मिनिटांत करू लागला, आणि वर्षभरात क्लोरोफॉर्मही आले. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची ‘भूल’ रसायनाकडे गेली ती कायमची.

मनाच्या रोगांकडे मात्र संमोहनाची वहिवाट चालू राहिली. फ्रान्सच्या नान्सी शहरात लिएबो हा साधा डॉक्टर गोरगरिबांना निजवून ‘तुझे दुखणे जात आहे’ असे बजावीत असे. १८८२ साली प्राध्यापक बर्नहाइम त्याच्याकडे गेले आणि सारा परिणाम सूचनेचा आहे असे त्यांनी प्रतिपादिले. आज्ञा वैद्याची, पालन रोग्याचे. व्यसनी माणसाला ‘उद्यापासून सोड’ असे निजवून सांगण्याची जी कल्पना आजही आपल्याकडच्या पाट्यांवर दिसते, ती येथली आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. वेदना व आतड्यांचे काही जुनाट विकार यांत संमोहनाचा उपयोग आजही होतो, पण सर्व माणसे सारखी संमोहित होत नाहीत, आणि नुसत्या हुकुमाने झालेले बदल पुष्कळदा हुकूम देणारा दूर होताच ओसरतात.

हे मनोविश्लेषणाचा प्रवर्तक फ्रॉइड याने अनुभवले. पण त्याआधी व्हिएन्नात त्याचे ज्येष्ठ स्नेही ब्रॉयर यांच्याकडे १८८० ते १८८२ या काळात एक तरुणी उपचार घेत होती. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथात तिला ‘अ‍ॅना ओ.’ म्हटले आहे. ऐन उन्हाळ्यात तहानेने जीव व्याकूळ होई, पेला ओठांशी येई, आणि ती तो ढकलून देई. सहा आठवडे तिने फळांवर काढले. एके दिवशी संमोहित अवस्थेत ती आपल्या इंग्रज सोबतिणीविषयी कुरकुरत असता तिला आठवले, की त्या बाईच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिले होते, आणि शिष्टाचारापायी ती गप्प राहिली होती. दाबून ठेवलेला सारा राग बोलून झाल्यावर तिने पाणी मागितले, पोटभर प्याली, आणि जागी झाली तेव्हा पेला ओठांशीच होता. त्या दिवसांत तिची मातृभाषा जर्मन हरवली होती व ती इंग्रजीत बोले. म्हणून या उपचाराला ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव तिने इंग्रजीतच दिले, आणि थट्टेने ‘धुराडे झाडणे’ असेही म्हटले. नाव वैद्याचे नाही, रोग्याचे आहे. ती पूर्ण बरी झाली असे १८९५ च्या ग्रंथावरून वाटते. वस्तुतः ब्रॉयरचे उपचार संपल्यानंतर तिला आरोग्यधामात राहावे लागले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी बेर्था पापेनहाइम या खऱ्या नावाने ती जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीची अग्रणी झाली. तिचे ते थोर कार्य ब्रॉयरच्या खात्यावर जमा करण्याचा मोह मी टाळतो.

फ्रॉइडच्या दुसऱ्या एका रुग्ण बाईंनी तर त्याला सरळ सुनावले, की हे कुठून आले नि ते कुठून आले असे सारखे विचारू नका, मला जे सांगायचे ते सांगू द्या. फ्रॉइडने पुढे संमोहन सोडले; त्याला सर्वांना निजवता येत नसे, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की रोग्याशी असलेला संबंध बिघडला की बरे झालेले दुखणे परत येई. आणि एकदा संमोहनातून जागी होताच एका बाईने त्याच्या गळ्यात हात टाकले, तेवढ्यात नोकर आत आला म्हणून प्रसंग टळला. सामर्थ्य आपल्या हातात नसून नात्यात आहे, हे त्या चमत्कारिक क्षणी त्याला कळले असावे. काही काळ त्याने कपाळावर हात दाबून आठवणी मागवल्या. मग तोही हात काढला. कोच मात्र राहिला. निजवण्याच्या काळातले ते एक लाकूडसामान बोलण्याच्या काळातही टिकले, वैद्य आजही डोक्यामागे बसतो हुगळीतल्या कंपाउंडरसारखाच, आणि तोच कोच १९३८ साली फ्रॉइडबरोबर व्हिएन्नाहून लंडनला गेला व आजही तेथल्या संग्रहालयात आहे.

पुढील लेखांकात ज्याची गाठ पडेल तो न्यूयॉर्कचा अल्बर्ट एलिस, मनोविश्लेषणाचे शिक्षण घेऊनही, १९५५ च्या सुमारास या कोचावरून उठला आणि रोग्यालाही समोर बसवून त्याच्याशी उघड वाद घालू लागला, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी त्या पद्धतीला ‘विवेकनिष्ठ’ म्हणून मराठीत आणले, ती कथा तेव्हा.