वहीत नसलेल्या आज्या

भात घरात आलं, सुगी आटोपली की बेळगावच्या आसपासच्या गावांत हेळवी फिरायला लागतात. आमच्या कडोलीतही येतात. पूर्वी हे लोक बैलावर बसून, पाय घोंगड्यात गुंडाळून यायचे. आमच्याकडे येणारे आता मोटारसायकलवरून येतात, पण खांद्यावरची पिशवी तीच आणि पिशवीत मेणकापडात बांधलेली वहीही तीच. घराण्यांच्या वंशावळी राखणं हा त्यांचा पिढीजात धंदा. बसवण्णांनी आपल्या पूर्वजांना हे काम नेमून दिलं, असं ते सांगतात.

यंदा मी मुद्दाम थांबले, त्याला कारण अमेरिकेतला आमचा पुतण्या. त्यानं घरबसल्या करायची ती डीएनए चाचणी केली आणि अहवाल फोनवर थोरल्या काकांना पाठवला. रंगीत नकाशा, त्यावर डाग, डागांवर टक्के. काकांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि विचारलं, “ह्यात आपलं गाव कुठं हाय?” गाव नव्हतं. दक्षिण आशिया होता. “मग हेळव्याला येऊंदे,” काका म्हणाले आणि फोन उलटा करून ठेवला.

हेळवी आला. घोंगडं अंथरलं, सुपात तांदूळ, वर नारळ आणि विड्याची पानं, वहीला हळदकुंकू. मेणकापडाची गाठ सुटली तसा वास आला. जुना कागद, कापूर आणि धान्याच्या पोत्यांशेजारी वर्षानुवर्षं पडून राहिल्याचा एक कोंदट गोडसरपणा. अहवालाला असला कुठलाच वास नव्हता, हे मला नंतर घरी आल्यावर जाणवत राहिलं.

तो वाचत नाही, म्हणतो. मूळ गाव, कुळदैवत, देवक, मग एका दमात बाप, त्याचा बाप, त्याचे भाऊ. कोण दुष्काळात घाटाखाली उतरला, कोणाला कुठली जमीन मिळाली, कोण दत्तक गेला. अलीकडची पानं कानडी लिपीत होती आणि नावं सगळी आमची, मराठी. बेळगावचा सीमाप्रश्न १९५६ पासून पेटलेला आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि इथं एक कानडी घरभाषेचा माणूस मराठ्यांचे पूर्वज कानडीत लिहून सांभाळतो. यावर कुणी मोर्चा काढलेला नाही.

“नऊ पिढ्या हायत माझ्याकडं,” तो मान वर करून म्हणाला. “नऊ.” काकांनी खुशीनं माझ्याकडं पाहिलं.

मग तो एका नावाशी आला. तिघे भाऊ, दोघांचा विस्तार सांगून झाला आणि म्हणाला, “धाकट्याचा वंश खुंटला.” उंबऱ्याशी काकू बसली होती. तिनं विचारलं, “का? पोरंच झाली न्हाईत काय त्याला?”

“झाली की आक्का. चार लेकी.”

आणि त्यानं पान उलटलं. चार लेकी झाल्या, म्हणजे वंश खुंटला. पान उलटताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही, आणि खरं सांगायचं तर घोंगड्यावर बसलेल्यांतलंही कोणी चमकलं नाही.

चाचणीची रीत फार थोडक्यात सांगता येते. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नळीत दोनेक मिलिलिटर थुंकी गोळा करायची, झाकणातलं औषध तिच्यात मिसळायचं, पाकीट पाठवायचं. प्रयोगशाळेत तीन अब्ज अक्षरांपैकी सहा-सात लाख ठिकाणंच वाचतात आणि आज हयात असलेल्या, आपलं मूळ सांगू शकणाऱ्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून बघतात. म्हणजे टक्के पूर्वजांचे नसतात, तुलनेचे असतात. संग्रहात नमुने वाढले की टक्के बदलतात. तुमचे आजोबा मात्र तेच राहतात. संग्रहात युरोपातली माणसं भरपूर आणि आपल्याकडची तुटपुंजी, म्हणून आयरिश माणसाला जिल्हा सापडतो आणि कडोलीकराला अख्खा उपखंड.

पुतण्याला ‘नातेवाईकां’ची एक लांबलचक यादीही मिळाली होती. त्यातले निम्मे त्याला चुलत-चुलत भावंडं वाटत होते. इथं जरा जपून. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं, वर आमच्या भागात मामाची पोरगी करायची चाल. अशा समाजात दूरची माणसंही चाचणीत जवळची दिसतात.

आता त्या नऊचा हिशेब. आपल्यापासून वर एक पायरी चढलं की दोन माणसं, मग चार, मग आठ. नवव्या पायरीवर ५१२. नऊ पायऱ्यांचे मिळून १,०२२ पूर्वज. मामेबहिणीशी लग्नं झाल्यानं काही जण दोनदा मोजले जातील, तरी शेकड्यांनी उरतातच. त्यातले वहीत नऊ. सगळे पुरुष.

गंमत म्हणजे हेळव्याची वही ज्या वाटेनं जाते, नेमक्या त्याच वाटेनं वाय गुणसूत्र जातं: बापाकडून मुलाकडं, मुलाकडून नातवाकडं. आणि वही जिथं थांबते, त्या वाटेनं मायटोकॉन्ड्रियातला डीएनए चालत राहतो. तो आईकडून सगळ्या लेकरांना मिळतो, पण पुढं जातो फक्त लेकींमधून. त्या चार लेकी वहीत नसल्या तरी त्यांच्या लेकीबाळींच्या लेकरांत कुठंतरी असतील.

म्हणून लगेच चाचणीची आरती ओवाळायचं कारण नाही. पुतण्याच्या अहवालात आईकडची शाखा ‘एम’ अशी आली होती. भारतात निम्म्याहून जास्त लोक त्याच शाखेचे. हजारो वर्षांपूर्वीची एक आई त्यातून कळते; पणजीचं माहेर कळत नाही.

पण आयांची बाजू तपासली की कथा कशी बदलते, याचं आपल्याच कोकणातलं उदाहरण आहे. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे, तेल गाळणारे, शनिवार पाळणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले ज्यू. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तरल्या, त्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी त्यांचं नातं दिसलं, आणि ही सरमिसळ साधारण साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीची निघाली. पण आयांची बाजू बहुतांशी इथलीच. परंपरेनं जहाजातल्या सात बायका लक्षात ठेवल्या; किनाऱ्यावरच्या बायकांची आठवण कुणी ठेवली नाही.

आणखी एक. आपल्याकडं असल्या चाचणीमागं पुष्कळदा जातीचा अहंकार असतो. आपण किती ‘अस्सल’ ते बघायचं असतं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी २००९ आणि २०१३ साली जे मांडलं, ते अशांना रुचणारं नाही. भारतातले जवळजवळ सगळे समूह प्राचीन लोकांच्या सरमिसळीतून झाले. ती सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भरपूर चालली आणि नंतर जातीची दारं लागली. वहीची खोडही मला ठाऊक आहे. दक्षिणा घेऊन म्हटलेली वंशावळ यजमानाला लाजवत नाही, वरच्या टोकाला कुठलासा राजा हमखास असतो. तरीही निवडायचंच झालं तर मी वहीच्या बाजूची. तिच्यात खोटं असेल, पण दुष्काळात घाटाखाली उतरलेला एक माणूस आहे.

शिवाय वही हेळव्याच्या पिशवीत राहते. थुंकीचं तसं नाही. २००७ पासून अशी चाचणी विकणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दीडेक कोटी माणसांची जनुकीय माहिती लिलावाच्या यादीत आली. शेवटी संस्थापकांपैकी एक, अ‍ॅन वोजिस्की, यांच्या ना-नफा संस्थेनं ती घेतली. आणि डीएनए एकट्याचा नसतो. पुतण्या थुंकला, तेव्हा काकांना न विचारता त्यांचाही काही हिस्सा त्या नळीत गेला.

वही बांधायच्या आधी काकूनं हेळव्याला अडवलं. दोन नाती झाल्यात, त्यांची नावं घाल म्हणाली. तो घुटमळला, काकांकडं बघितलं. काका काही बोलले नाहीत. मग त्यानं पेन काढलं आणि दोन्ही नावं लिहिली. एका नावाचे एकशे एक रुपये जादा घेतले.

तुमच्याकडं हेळवी येत असेल तर तेवढे पैसे द्या. आणि तो येत नसला, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिच्या आईचं, आजीचं नाव आणि माहेर विचारून आजच लिहून ठेवा. ते कुठल्याच नळीतून निघणार नाही.