ख्रिस्ती मंडळीतील गरजूसाहाय्य

आजारपण, बेकारी, वैधव्य किंवा कर्जबाजारीपणा यांमुळे अडचणीत सापडलेल्या सभासदांना ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) सामायिक निधीतून वा सेवेतून केलेली मदत म्हणजे गरजूसाहाय्य होय. ही प्रथा ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळापासून चालत आली आहे.

प्राचीन आधार

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायानुसार, यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडण्यात आले. परंपरेने डीकन या पदाचा उगम येथे मानला जातो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, विधवांचा भार प्रथम त्यांच्या कुटुंबीयांनी उचलावा, म्हणजे मंडळीचा निधी खऱ्या निराधारांना पुरेल, असे सांगितले आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याच्या लेखनानुसार, रविवारच्या उपासनेत जमलेल्या ऐच्छिक दानातून अनाथ, विधवा, रुग्ण, बंदिवान व परस्थ यांना साहाय्य मिळत असे.

साहाय्याच्या पद्धती

अन्नधान्य, औषधोपचार, घरभाडे वा शिक्षणशुल्क यांसाठी थेट मदत हा सर्वपरिचित मार्ग होय. फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या सहकाऱ्यांनी १८३३ मध्ये पॅरिस येथे स्थापिलेल्या संत विन्सेंट द पॉल सोसायटीने गृहभेटीवर भर दिला. गरजूला दारी बोलावण्याऐवजी सदस्य त्याच्या घरी जातात. त्यामुळे अडचणीचे खरे स्वरूप कळते आणि चारचौघांत हात पसरण्याची वेळ येत नाही.

कर्जाऊ मदत हा दुसरा मार्ग. जॉन वेस्ली याने १७४६ मध्ये लंडन येथे अल्प कर्जाचा निधी उभारला. त्यातून सुरुवातीस २० शिलिंगांपर्यंत रक्कम मिळे व ती तीन महिन्यांत फेडावी लागे. वसई येथे १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली, पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून ओळखली गेलेली सहकारी पतसंस्था हे महाराष्ट्रातील उदाहरण होय.

मर्यादा

निधी अपुरा असला की निवडीचा प्रश्न उभा राहतो. निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती असल्यास पक्षपाताचा संशय बळावतो. उलट, अर्ज मोठ्या समितीपुढे गेल्यास गुप्तता राखणे कठीण होते. म्हणून छोटी समिती, लेखापरीक्षित हिशेब व लाभार्थींच्या नावांची गोपनीयता यांची सांगड आवश्यक ठरते. अडचण तात्कालिक असल्यास कर्ज उपयोगी पडते. मात्र ज्याच्याकडे परतफेडीचे साधनच नाही, त्याच्यावर कर्जाने नवा भार पडतो. अशा वेळी अनुदान अधिक योग्य ठरते.