शेतासाठी पहिली बंदूक घेताय? रायफल निवडण्याआधी हे दोन कागद समजून घ्या

चांदूर बाजार तालुक्यातल्या शेतकऱ्याला जागल नवीन नाही. तूर शेंगांवर आली, मका भरला, हरभरा उगवला की रात्री शेतात मुक्काम ठरलेला. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जेवढं उकरतो, तेवढं सकाळी मोजवत नाही. रोही संत्र्याची कोवळी कलमं ओरबाडतात. फटाके, डबे, जुन्या साड्यांचं कुंपण सगळं करून झाल्यावर विषय बंदुकीवर येतो. मोबाइलवर तर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतातच. तिथला शेतकरी खांद्याला मोठी रायफल लावतो, खालचा दांडा खटकन ओढतो आणि डुकरामागून डुक्कर पाडतो. मग प्रश्न पडतो, अशी एखादी आपल्याला मिळेल का आणि पहिली बंदूक घ्यायची तर कोणती घ्यावी?

व्हिडिओतली ती रायफल नेमकी कोणती?

तिला लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणतात. घोड्याभोवतीची कडी म्हणजेच दांडा असतो. तो खाली-वर केला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत जातं. विंचेस्टरची १८८६ आणि मार्लिनची १८९५ ही यातली गाजलेली मॉडेल्स. त्यांतलं .४५-७० हे मोठं काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलं होतं. जवळून, झाडीतून मोठं जनावर थांबवणं हे तिचं काम. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रानडुक्कर हे बाहेरून आणलेलं, बेसुमार वाढलेलं जनावर मानलं जातं. त्यामुळे तिथले शिकारीचे नियम सैल आहेत. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे.

भारतात ती मिळते का?

जवळपास नाहीच. खासगी वापरासाठी परदेशी बंदुका आणण्यावर १९८० च्या दशकापासून कडक निर्बंध आहेत. नामवंत नेमबाजांना सवलत असते, शेतकऱ्याला नाही. एखादी जुनी रायफल कुणाकडे सापडली, तरी तिची काडतुसं कुठून आणणार? देशातल्या सरकारी कारखान्यांच्या रायफली प्रामुख्याने .२२, .३१५ आणि .३०-०६ या मापांच्या, तर छऱ्याची बंदूक १२ बोअरची. .३०३ हे सैन्याचं माप असल्याने ते सामान्य परवानाधारकाला मिळत नाही.

कायदा शेतकऱ्याला कोणती बंदूक देतो?

याचं उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये आहे. पीक संरक्षणासाठी कायद्याने पहिलं नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची ती जुनी बंदूक. पण तिच्यात एक बार झाला की पुन्हा भरायला वेळ लागतो आणि पावसात दारू दगा देते. म्हणून त्याच कलमात पुढची सोय आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही हे परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजेच आपली नेहमीची १२ बोअर. परवान्यावर एकनळीला ‘एसबीबीएल’ आणि दुनळीला ‘डीबीबीएल’ असं लिहिलेलं असतं.

रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ आणि लांब जाते. रायफलीसाठी अधिकाऱ्याला वेगळं, ठोस कारण पटवावं लागतं. ‘डुकरं फार झाली’ एवढ्यावर ते पटेलच असं नाही.

मग १२ बोअर कमी पडते का?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. मोठ्या बोअरच्या म्हणून गाजलेल्या .४५-७० ची गोळी साधारण ११.६ मिलिमीटर जाडीची असते. १२ बोअरची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर असते. ‘१२’ म्हणजे त्या नळीत बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड. आकडा लहान तेवढी नळी मोठी. म्हणजे मोठ्या बोअरची बंदूक आपल्याकडे आहेच, फक्त तिची मार जवळची आहे. जाड छऱ्यांचं काडतूस ३०-४० मीटरपर्यंत भरवशाचं, त्यापुढे छरे विखुरतात.

आपल्या भागात हीच तिची जमेची बाजू आहे. रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. पूर्णाकाठच्या सपाट काळ्या रानात ती अडवायला ना टेकडी, ना बांध. रात्री पलीकडच्या संत्र्याच्या बागेत कुणी पाणी धरत असतं, कुणी जागलीवर झोपलेलं असतं. बॅटरीच्या उजेडात चमकलेले डोळे डुकराचे, कुत्र्याचे की शेजारच्या वासराचे हे क्षणात ठरवावं लागतं. अशा ठिकाणी जवळच्या माराची बंदूक सोयीची. तरीही एक सांभाळा. १२ बोअरमध्ये एकच मोठी गोळी असलेलं काडतूस वापरलं, तर तीही शेकडो मीटर जाते.

विकत घेताना काय पाहायचं?

परवाना मिळाल्यानंतरच बंदूक घेता येते आणि तीही परवानाधारक विक्रेत्याकडूनच किंवा रीतसर हस्तांतराने. नवी असो वा जुनी, पाच गोष्टी तपासा.

• खांद्याला लावून बघा. दस्ता लांब असेल तर बंदूक वेळेवर खांद्यावर चढत नाही. फार हलकी असेल तर धक्का जोरात बसतो.
• जुन्या बंदुकीत काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असू शकतं. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण उडवलं तर नळीवर धोकादायक दाब येतो. माप नळीवर कोरलेलं असतं. नसेल तर कारागिराकडून मोजून घ्या.
• नळी उजेडाकडे धरून आतून बघा. गंज, खड्डे किंवा बाहेरून पोचा असेल तर घेऊ नका.
• बंद केल्यावर नळी आणि मागचा भाग हलतो का, ते पाहा.
• सेफ्टीवर विसंबू नका. बऱ्याच बंदुकांत ती फक्त घोडा अडवते. घरी आणि बांध ओलांडताना काडतूस बाहेरच हवं.

काडतुसं देशात बनतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची १२ बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं अनेकांना ठाऊक असतील. किती काडतुसं घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेलं असतं.

पहिला कागद : शस्त्र परवाना

ग्रामीण भागात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. ओळख, पत्ता आणि पीक संरक्षणासाठी सातबारा लागतो. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही मागितला जातो. पोलिस ठाण्याकडून अहवाल येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं झाली आहे आणि एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, त्याविरुद्ध अपील करता येतं.

तुमचं गाव अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत असेल, तर आणखी एक अट आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार तिथे नवीन परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी हे आधीच विचारून घ्यावं.

दुसरा कागद : जनावर मारण्याची परवानगी

परवाना मिळाला, बंदूक आली, म्हणजे डुक्कर मारता येतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. शस्त्र परवाना फक्त बंदूक बाळगू देतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आणि रोही दोन्ही या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहेत. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका असेल, तर वन विभागाचा अधिकृत अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने या दोन प्राण्यांबाबत हा अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत आणला. म्हणून नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, वन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हाच अर्ज पुढे भरपाईच्या पंचनाम्यालाही कामी येतो.

‘बिहारमध्ये तर रोही मारू दिले’ असं कुणी सांगेल. ते खरं आहे. पण तिथे केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये काही जिल्ह्यांसाठी, ठरावीक मुदतीपुरतं त्यांना उपद्रवी जाहीर केलं होतं. एका राज्याची अधिसूचना दुसऱ्या राज्यात चालत नाही.

परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचं असतं. वन विभागाला कळवावं लागतं. मटण वाटून घेतलं, तर परवानगी असूनही गुन्हा अंगावर येतो.

चूक झाली तर?

विनापरवाना बंदूक बाळगली तर किमान २ वर्षांची कैद होऊ शकते. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीच्या काळात पोलिसांचा आदेश आला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. म्हणजे ऐन हंगामात ती हाताशी नसेल, हेही धरून चला.

कुंपणात थेट वीज सोडणं किंवा गावठी बॉम्ब ठेवणं हा बंदुकीला पर्याय नाही. त्यात माणसं आणि गुरं मेली आहेत, आणि शेतकऱ्यावरच मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. झटका देणारं, पण जीव न घेणारं सौर कुंपण वेगळं. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे, वन कार्यालयात चौकशी करा.

मग बंदूक घ्यावी का?

जागलीला माणूस आहे, दोन्ही कागद मिळवायची तयारी आहे आणि घरात कुलूपबंद पेटीची सोय आहे, तर एक धड १२ बोअर पुरेशी. यातलं एक जरी नसेल, तर आधी कुंपणाचा खर्च काढा. बंदूक एका वेळी एका जनावराला थांबवते. कुंपण रात्रभर उभं असतं आणि त्याला परवाना लागत नाही.