कीबोर्डासह टॅब्लेट घेतांना करावयाची पारख

अलीकडे आमच्या संघाच्या सभासदांकडून एक पृच्छा वारंवार होऊं लागली आहे. ती अशी कीं, घरांत मोबाईल आहेच. परंतु सातबारा नीट वाचणें, अर्ज लिहिणें व शेतीचा हिशेब ठेवणें यांसाठीं कीबोर्ड जोडतां येईल असा अँड्रॉइड टॅब्लेट घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर पंधरा ते पंचवीस हजार रुपयांच्या आंत कसा घ्यावा? दुकानदार या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतो, कारण कोणता माल शिल्लक आहे हें त्यास ठाऊक असतें. आम्हांस तसें देतां येत नाहीं. बैल औतास हवा कीं गाडीस, हें ठरविल्यावांचून कोणी शहाणा शेतकरी बाजारांत पाऊल ठेवीत नाहीं. येथेंही काम आधीं ठरवावें व मग यंत्राकडे वळावें.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तें दप्तर हातानें लिहिलें जात होतें तो काळ आम्हीं पाहिला, आणि तेंच दप्तर संगणकावर चढलें तेंही पाहिलें. गट क्रमांकांतील एक आंकडा, आडनांवांतील एक अक्षर किंवा क्षेत्रांतील एक दशांशचिन्ह इकडचें तिकडे झाल्यानें खातेदारांस किती हेलपाटे पडतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं स्वतः भोगलें असेल. असा लेखनप्रमाद दुरुस्त करून घेण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वयें अर्ज करावा लागतो. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घेण्यास १५ दिवसांचीच मुदत असते. अशा वेळीं खातेदार तहसील कचेरीच्या बाहेर टंकलेखन करणाऱ्या इसमाकडे धांवतो. तो इसम घाईंत असतो, मागें दहा माणसें उभीं असतात, आणि मूळ चूक दुरुस्त करण्याच्या अर्जांतच नवी चूक शिरते. जमीन आपली, अर्ज आपला, आणि अक्षर मात्र परक्याचें, अशी ही स्थिति आहे. आपला अर्ज आपल्या ओटीवर बसून शांतपणें लिहावा, चारदां वाचावा व मग छापून घ्यावा, एवढ्यासाठीं हें यंत्र घ्यावयाचें असेल तर तो खर्च वायां जाणार नाहीं, असें आमचें मत आहे. केवळ चित्रपट पाहण्यास घ्यावयाचें असेल तर हा लेख येथेंच सोडावा.

लिहिणें हेंच मुख्य काम ठरलें म्हणजे कीबोर्डाची पारख सर्वांत आधीं करावी लागते. दुकानांत नेमकें उलट घडतें. तेथें कॅमेरा, रंग व आवाज यांचें वर्णन अर्धा तास चालतें आणि कीबोर्ड शेवटीं भेटीदाखल पुढें केला जातो. आमच्या माहितीच्या एका बागायतदारांस तालुक्याच्या गांवीं असाच एक कीबोर्ड मोफत म्हणून मिळाला. त्याच्या कळा इतक्या दाट होत्या कीं शेतकऱ्याच्या बोटाखालीं एकदम दोन दाबल्या जात. तो स्वतंत्रपणें चार्ज करावा लागे. आणि पहिल्या महिन्यांतच त्याचें टॅबशीं असलेलें नातें तुटूं लागलें.

टॅबला कीबोर्ड जोडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, टॅबच्या कडेस धातूचे बारीक ठिपके असतात व त्यांवर कीबोर्डाचें कव्हर चुंबकानें चिकटतें. यास वेगळी बॅटरी लागत नाहीं व जोडणी तुटत नाहीं. परंतु तें कव्हर त्या एकाच टॅबला बसतें, आणि तो टॅब बाजारांतून गेला कीं कव्हरही मिळेनासें होतें. म्हणून तें पुढें घेऊं असें म्हणूं नये, त्याच दिवशीं घ्यावें. दुसरा मार्ग ब्लूटूथचा. हा कोणत्याही टॅबला चालतो, पण चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागते. तिसरा मार्ग दुकानदार सहसा सांगत नाहीं, कारण त्यांत त्याला फारसें मिळत नाहीं. टॅबच्या चार्जिंगच्या भोकांत ओटीजी नांवाचा लहानसा तुकडा लावून संगणकाचा साधा वायरचा कीबोर्ड जोडतां येतो. असा कीबोर्ड पांचसहाशे रुपयांस मिळतो, कळा ऐसपैस असतात, आणि मातीनें खराब झाला तर फेंकून दुसरा आणावा. टेबलावर बसूनच लिहिणाऱ्यास आम्ही हाच तिसरा मार्ग सुचवूं. मात्र तो टॅब ओटीजी चालवितो कीं नाहीं, हें दुकानांतच जोडून पाहावें.

यापुढें मराठीचा प्रश्न येतो, आणि पुष्कळ खरेदी येथेंच फसते. पडद्यावर बोटानें दाबावयाचा मराठी कीबोर्ड बहुतेक टॅबवर मिळतो. परंतु बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर त्याच्या कळांनींही देवनागरीच उमटेल असें नाहीं. कळांवर तर बहुधा रोमन अक्षरेंच छापलेलीं असतात. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांत इन्स्क्रिप्ट नांवाची मांडणी दिलेली आहे. तींत डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें असतात. ‘क’ ज्या कळेवर त्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’ येतो. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसल्यास ती बोटांत बसते. ज्यांनीं पूर्वीं टंकलेखनाची परीक्षा रेमिंग्टनच्या मांडणीवर दिली त्यांस मात्र ती प्रथम फार जाचते, हें सांगून ठेवतों. रोमन अक्षरें दाबून मराठी उमटविण्याची सोयही आहे. नातवंडांस पत्र पाठविण्यास ती उत्तम. पण तींत ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांचा घोळ होतो, आणि यंत्र आपल्या मनानें नांव सुचवितें. ज्या अर्जांत आडनांवाच्या एका अक्षरावर हक्क अवलंबून आहे तेथें अशा अदमासावर विसंबूं नये. बोलून लिहविण्याची युक्तिही आतां चांगली चालते, तथापि आंकडे डोळ्यांनीं तपासल्याशिवाय कागद सोडूं नये.

तेव्हां दुकानांत एक परीक्षा अवश्य करावी. टॅबला कीबोर्ड जोडावा, सेटिंगमध्यें बाहेरच्या कीबोर्डासाठीं मराठी अथवा हिंदी मांडणी निवडतां येते कीं नाहीं हें पाहावें, आणि ‘शेतकऱ्यांस’, ‘कृषी’, ‘ज्ञानेश्वर’ व आपल्या गांवाचें नांव असे चार शब्द स्वतः लिहावे. ‘ऱ्या’ उमटविण्यास दुकानांतील मुलासही जर दहा मिनिटें लागलीं, तर तुम्हांस घरीं तो उमटणार नाहीं असें समजावें.

पडद्याचें माप इंचांत सांगतात तें कर्णाचें असतें. जमिनीच्या दप्तरांत वावरलेल्या माणसास याचें हंसूं येतें. नुसता कर्ण मोजून क्षेत्र सांगणारा मोजणीदार एक दिवसही नोकरींत टिकला नसता. ११ इंच कर्णाचा पडदा १६ः१० प्रमाणाचा असेल तर क्षेत्र सुमारें ५४ चौरस इंच भरतें, आणि ४ः३ प्रमाणाचा असेल तर सुमारें ५८. लांबट पडदा सिनेमास बरा, रुंद पडदा कागदास बरा. गांव नमुना सात आणि बारा एकाच दृष्टींत वाचावयाचे तर ११ इंचांहून कमी घेऊं नये. शिवाय ८-९ इंची टॅबचें कीबोर्ड-कव्हर इतकें आंखूड होतें कीं त्यावर दोन हात मावत नाहींत. आणखी एक अडचण अशी कीं, कांहीं ॲप मोबाईलसाठींच रचलेलीं असल्यानें आडव्या पडद्यावरही उभींच उघडतात; मग कीबोर्ड लावलेल्या टॅबपुढें मान वांकडी करून बसावें लागतें. आपल्या नेहमींच्या कामाचें ॲप दुकानांतच उघडून पाहावें.

उन्हांत या किंमतीचे पडदे फार फिके दिसतात. म्हणून बांधावरचें काम मोबाईलनें व ओटीवरचें काम टॅबनें, अशी वांटणी आम्हांस योग्य वाटते. तरीही सिम आणि जीपीएस यांविषयीं चार शब्द लिहिणें प्राप्त आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद खातेदारानें स्वतः करण्याची पद्धत आली. तींत शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें लागतें व त्याबरोबर स्थानाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. ज्या टॅबमध्यें जीपीएस नाहीं तो या कामीं निरुपयोगी. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या कित्येक टॅबमध्यें ही सोय नसते, आणि खोक्यावरील ठळक अक्षरांत तें लिहिलेलें नसतें. उदाहरणार्थ, २०२३ सालीं भारतांत २६,९९९ रुपयांपासून विकूं लागलेला शाओमी पॅड ६ हा वेगानें व पडद्यानें उत्तम टॅब होता. त्यास ठिपक्यांवर बसणारा कीबोर्डही ४,९९९ रुपयांस वेगळा मिळे. पण त्यांत ना सिम होतें ना जीपीएस. त्याच वर्षीं आलेला सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए९ प्लस वेगानें उणा असला तरी त्याचा सिमचा प्रकारही विकला जात होता. पहिला कारखानदाराच्या मुलानें घ्यावा, दुसरा शेतकऱ्यानें. हीं उदाहरणें शिफारस म्हणून दिलेलीं नाहींत. टॅबचीं नांवें दरवर्षीं बदलतात, त्यांतील भेद मात्र तोच राहतो. ज्या घरांतील एकमेव चांगला मोबाईल मुलाबरोबर शहरांत जातो, त्या घरीं दोन-तीन हजार अधिक देऊन सिमचाच टॅब घ्यावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. रॅम ६ जीबीहून कमी नसावी. ‘६ अधिक ६’ असें लिहिलेलें असेल तेथें दुसरे सहा हे साठवणीच्या जागेंतून उसने घेतलेले असतात, ते खऱ्या रॅमची बरोबरी करीत नाहींत. साठवण १२८ जीबी पुरते. सुरक्षेचे अपडेट किती वर्षें मिळणार हें कंपनीच्या पत्रकांत शोधावें. तें मिळेनासें झालेला टॅब दिसावयास नवा असला तरी त्यावर बँकेचा व्यवहार करूं नये. फार स्वस्ताच्या मोहांत पडूं नये. ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्र सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं ‘आकाश’ नांवाचा ७ इंची टॅब मोठ्या समारंभानें पुढें आणला. त्याची रॅम २५६ एमबी होती व पडदा बोट दाबून धरल्यावांचून ऐकत नसे. हेतु स्तुत्य होता, पण यंत्र कामास पुरें पडलें नाहीं.

कोणीं टॅब घेऊंच नये, हेंही सांगितलें पाहिजे. ज्यांस संस्थेचे हिशेब टॅलीवर ठेवावयाचे आहेत, अथवा ज्यांच्याजवळ श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्यें लिहिलेल्या फायली पुष्कळ आहेत, त्यांनीं तितक्याच पैशांत जुना लॅपटॉप पाहावा. टॅली विंडोजवर चालते. आणि त्या जुन्या फायली टॅबवर उघडल्या असतां मराठीच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसतात. युनिकोडमध्यें लिहिलेलें मात्र कोठेंही उघडतें, म्हणून यापुढें जें लिहाल तें त्यांतच लिहावें.

शेवटीं पावतीविषयीं. जीएसटीची छापील पावती घ्यावी. बिलाशिवाय स्वस्त देतों म्हणणाऱ्याकडून घेऊं नये. सिमच्या टॅबला पंधरा आंकडी आयएमईआय क्रमांक असतो. तो पावतीवर, खोक्यावर आणि टॅबच्या सेटिंगमध्यें एकच आहे कीं नाहीं हें दुकानांतच ताडून पाहावें. टॅब चोरीस गेल्यास पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर त्याच क्रमांकानें तो बंद करवितां येतो. सिम नसलेल्या टॅबला हा क्रमांक नसल्यानें ती सोय मिळत नाहीं. कीबोर्ड वेगळा घेतला असेल तर त्याची रक्कम व हमीची मुदतही पावतीवर निराळ्या ओळींत लिहवून घ्यावी.