कारागृहातील लांब पल्ला

महाराष्ट्राला कारागृहाची आठवण होते ती बहुधा ग्रंथांच्या निमित्ताने. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले; विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली; आणि त्याच गुरुजींची 'श्यामची आई' पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात कागदावर उतरली. बंदिवासात मन कसे राखावे याचे धडे मराठी वाङ्मयाने भरपूर दिले. पायांचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. ज्या मनुष्याने तारुण्यात लांब पल्ल्याच्या धावा धावल्या, त्याला शिक्षा भोगीत असता तो नाद पुन्हा धरता येतो काय? येत असेल तर कसा, आणि त्याने काय साधते?

प्रथम अंतराची नीट कल्पना आली पाहिजे. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. चाकणच्या अलीकडच्या कुरुळी गावातून एखादा धावपटू पहाटे नाशिक रस्त्याने निघाला, इंद्रायणी ओलांडून मोशी व भोसरी मागे टाकीत पुण्यात शिवाजीनगरला पोचला आणि तेथूनच माघारी वळला, तर परतीची निम्म्याहून अधिक वाट तुडवून झाल्यावर हे अंतर पुरे होते. वाटेत नदी आहे, कारखान्यांचे पाळीबदल आहेत, चहाची दुकाने आहेत. डोळ्यांना काही ना काही नवे दिसत राहते. आता हेच सारे अंतर एका बंदिस्त आवारात घडी घालून बसवावयाचे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन या कारागृहात ते बसविले जाते. तेथे मॅरेथॉन म्हणजे मैदानाचे १०५ फेरे.

सॅन क्वेंटिन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस उपसागराच्या काठी १८५२ साली सुरू झालेले, त्या राज्यातील सर्वांत जुने कारागृह. देहान्त शिक्षेचे कैदी ठेवण्याबद्दल ते कुप्रसिद्ध होते. २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून 'पुनर्वसन केंद्र' असे ठेवण्यात आले. तेथे २००५ पासून कैद्यांचे एक धावमंडळ आहे. नाव 'थाउजंड माइल क्लब', म्हणजे हजार मैलांचे मंडळ. तुरुंगात असेतोवर हजार मैल धावून पुरे करावे, हा त्यामागील संकल्प. फ्रँक रुओना नावाचे वयस्क धावपटू व त्यांचे काही सोबती बाहेरून येऊन कैद्यांना शिकवू लागले. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी तेथे मॅरेथॉन भरते. वाट कुठे डांबरी, कुठे मातीची, कुठे खडीची, वळणे काटकोनी. मैदान केवळ धावणाऱ्यांचे नसते. इतर कैदी तेथेच फिरतात, खेळतात, गप्पा मारतात. मध्येच धोक्याचा भोंगा वाजला की प्रत्येक कैद्याने होता तेथे जमिनीवर बसावयाचे असा नियम आहे, आणि विसाव्या मैलावर असलेल्या धावपटूलाही त्यातून सूट नाही. तापलेले स्नायू गार पडतात, पोटऱ्यांत गोळे येतात, घड्याळ मात्र चालूच राहते.

या मंडळात मार्केल टेलर नावाचा एक कैदी होता. शाळेत असताना तो चांगला धावत असे. पुढे मद्याच्या आहारी गेला. गरोदर सहचारिणीला त्याने मारहाण केली. मूल अकाली जन्मले व दगावले. खुनाच्या आरोपावरून त्याला पंधरा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. त्याच्या धावण्याची कथा सांगताना हा भाग गाळण्याचा मोह लेखकांना होतो. तो गाळू नये. पायांच्या कौतुकात त्या मुलाचा विसर पडला, तर कथेला काही वजनच उरत नाही.

'पंधरा वर्षे ते जन्मठेप' या शब्दांतच या शिक्षेचा खरा काच आहे. पंधरा वर्षे भरली की सुटका होते असे नाही. पंधरा वर्षे भरली की सुटकेचा विचार होऊ लागतो. एक मंडळ बसते, कैद्याला प्रश्न विचारते आणि बहुतेक वेळा 'आणखी काही वर्षांनी या' असे सांगून परत धाडते. आपल्याकडेही जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे अशी समजूत घरोघर आढळते. ती चूक आहे. कायद्याप्रमाणे जन्मठेप ही आयुष्यभराचीच असते. ज्या गुन्ह्याला देहान्त शिक्षाही देता आली असती त्यात चौदा वर्षे भरण्यापूर्वी सरकारने सोडू नये, एवढेच बंधन १९७८ साली घातले गेले. चौदाव्या वर्षी सोडलेच पाहिजे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. सारांश, तेथे काय अन् येथे काय, अशा कैद्याला आपल्या वाटेचा शेवट ठाऊक नसतो. टेलरच्या एका जिवलग मित्राला सुटका वारंवार नाकारली गेली आणि अखेरीस त्याने तुरुंगातच आत्महत्या केली. त्यानंतर टेलर धावू लागला. ज्याच्या शिक्षेला शेवट दिसत नाही त्याच्या हाती १०५ हा आकडा आला, तर त्याची किंमत बाहेरच्या मनुष्याला सहज उमगावयाची नाही. शंभरावा फेरा झाला की पाच उरतात. ते चार करण्यास कोणत्याही मंडळाची संमती लागत नाही.

आता शरीराकडे वळू. अनेक वर्षे सोडलेली धाव पुन्हा जमते काय, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रयोग विख्यात आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच विद्यार्थ्यांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहण्यास लावले. धापा टाकण्याइतके श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे लांब धावणाऱ्याच्या दमाचे माप होय. तीन आठवड्यांत ते चतुर्थांशाहून अधिक घटले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा मौज अशी दिसली की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या दमाची जितकी हानी केली होती, तिच्याहून त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने केलेली हानी मोठी होती. पुढे सहा महिने त्यांना बेताबेताने व्यायाम दिला. पन्नाशीच्या त्या गृहस्थांचा दम सरासरीने पुन्हा विशीतल्या मूळ पातळीवर येऊन ठेपला. वयापेक्षा बसून राहणेच मनुष्याला अधिक लवकर थकविते, आणि बसण्याचे हे कर्ज बरेचसे फेडता येते. बराकीत संध्याकाळपासून सकाळपर्यंत कोंडलेल्या माणसाच्या दृष्टीने ही वार्ता लहान नव्हे.

मात्र परत येताना शरीराचे सर्व भाग एका चालीने येत नाहीत. धावणे सुरू करताच काही दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, आणि महिन्या-दीड महिन्यात मनुष्याला वाटू लागते की आपण पूर्वीसारखे झालो. स्नायुबंध व हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. जुना धावपटू फसतो तो नेमका येथे. नवशिक्याचा दमच आधी संपतो, म्हणून तो थांबतो. जुन्याचा दम टिकतो, मनात जुना वेगही जागा असतो, आणि नडगीचे हाड अथवा टाचेमागची शीर दगा देते. तुरुंगात जमीन कठीण, पादत्राणे मिळतील ती, आणि वळणे सदैव एकाच अंगाची. वळताना आतल्या बाजूचा पाय व बाहेरचा पाय यांवर निरनिराळा ताण पडतो. म्हणून लहान आवारात धावणाऱ्याने अधूनमधून दिशा उलटवावी. नियम वा गर्दी यांमुळे तेही कित्येकदा शक्य नसते. पहिले काही आठवडे चालणे व धावणे आलटून पालटून करावे, हा जुना उपाय अशा ठिकाणी सर्वांत शहाणपणाचा ठरतो.

आणि आवारच नसेल तर? नेल्सन मंडेला यांना रॉबेन बेटावरील कोठडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास तीन पावले पुरत. फोर्ट हेअरच्या महाविद्यालयात असताना ते रानावनातून धावण्याच्या शर्यतींत भाग घेत. अंगच्या देणगीपेक्षा सराव मोठा, हे त्या धावेने शिकविले असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले. १९६४ मध्ये जन्मठेपेवर बेटावर आल्यानंतर त्यांनी धाव सोडली नाही. तीतून अंतर तेवढे काढून टाकले. आठवड्यातले चार दिवस सकाळी पाऊण तासापर्यंत जागच्या जागी धावणे, त्यानंतर जोर व बैठका. दिवसा चुनखडीच्या खाणीत काम होतेच. जागच्या धावेत शरीर पुढे लोटण्याचे श्रम नसतात, म्हणून ती खऱ्या धावेची बरोबरी करीत नाही. तरी हृदयाला पाऊण तास जागते ठेवण्यास ती पुरेशी आहे. पुढे १९८२ मध्ये पोल्समूर येथे सहकाऱ्यांसमवेत एका मोठ्या खोलीत ठेवले गेल्यावर पहाटे पाचला त्यांची धाव सुरू होई आणि बाकीच्यांची झोपमोड होई. थोर पुरुषाच्या शेजारी झोपणे हे नेहमीच सुखाचे असते असे नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण चार्ली एंगल या अमेरिकन धावपटूचे. २००६-०७ मध्ये दोन सोबत्यांसह सहारा वाळवंट त्याने १११ दिवसांत पायी धावत ओलांडले. सेनेगलपासून तांबड्या समुद्रापर्यंत सुमारे ४,३०० मैल. पुढे घराच्या कर्जासाठी उत्पन्न फुगवून सांगितल्याच्या खटल्यात त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली. हा खटला न्याय्य होता काय यावर तेथील वृत्तपत्रांत वाद झाला, पण शिक्षा भोगावी लागली ती लागलीच. कॅलिफोर्नियाच्या भर उन्हाळ्यात 'डेथ व्हॅली'तून १३५ मैलांची जी प्रख्यात शर्यत होते, तिच्या दिवसांत, जुलै २०११ मध्ये, हा मनुष्य वेस्ट व्हर्जिनियातील कारागृहाच्या पाव मैलाच्या वाटेवर एकटाच धावत सुटला. ५४० फेरे, दोन दिवस. त्याच्याकडे पाहून काही कैदी त्याच्याबरोबर धावू लागले. वाळवंट ओलांडणाऱ्याला हे मैदान अपुरे वाटले असेल; परंतु ज्यांनी आयुष्यात कधी एक मैलही धावून पाहिला नव्हता, त्यांना हा सोबती तेथे मिळाला.

महाराष्ट्रात या विचाराचा धागा शोधू गेल्यास तो औंध संस्थानात सापडतो. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. शाळाशाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले. त्याच राजाच्या संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली, आणि तिच्यामागे मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा होती. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तेथे भिंतीवाचून राहात व शेती करीत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावर आधारलेला आहे. भिंत काढली तर कैदी पळून जाईल, ही भीती तेव्हाही होती. कैद्याला धावू देण्याचा विषय निघाला की आजही पहिला विनोद हाच होतो.

विनोद बाजूला ठेवला तरी आक्षेप उरतात, आणि ते खोटे नाहीत. ज्याने दुसऱ्याचे आयुष्य मोडले त्याने पदके का मिळवावीत, असे पीडितांच्या आप्तांनी विचारले तर त्याला उत्तर नाही. धावल्याने गुन्हा पुसला जात नाही आणि धावणारा तेवढ्याने सज्जनही ठरत नाही. तसा दावा करणाऱ्यांनी धावपटूंचे उगीच देव्हारे माजवले आहेत. या धावेत खरे मोल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. सॅन क्वेंटिनच्या वाटेशेजारी बाहेरून आलेली माणसे हातात कागद घेऊन उभी असतात आणि प्रत्येक धावणाऱ्याचा प्रत्येक फेरा टिपतात. तुरुंगात कैद्यांची मोजणी रोजच होते. ती पळाला नाही ना हे पाहण्यासाठी. ही मोजणी तो किती पुढे गेला हे पाहण्यासाठी असते. एकही फेरा कमी लिहिला जात नाही, एकही वाढवून दिला जात नाही. ज्यांचा हिशेब कोणाशीच कधी सरळ राहिला नाही, अशांना हा चोख हिशेब मिळतो.

टेलरने २०१९ च्या आरंभी त्या मैदानावरील १०५ फेरे ३ तास १० मिनिटे ४२ सेकंदांत पुरे केले. जगप्रसिद्ध बॉस्टन मॅरेथॉनला त्याच्या वयाच्या माणसाकडून जी वेळ मागितली जाते, तिच्या आत ही वेळ बसत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये, सुमारे अठरा वर्षांच्या कैदेनंतर, त्याची सुटका झाली, आणि १५ एप्रिलला तो बॉस्टनच्या शर्यतीत उभा होता. ती शर्यत हॉपकिंटन नावाच्या गावातून सुटते व बॉस्टन शहरात संपते. तीत माघारी फिरावे लागत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या त्या मनुष्याने ती ३ तास ३ मिनिटे ५२ सेकंदांत संपविली, म्हणजे तुरुंगातल्या वेळेहून ६ मिनिटे ५० सेकंद कमी.