आपल्या नद्यांतील मासळीचे वर्ष

मासळीचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम कोकणची आठवण होते. आपला वाशीम जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर, आणि येथे बारमाही म्हणावी अशी नदीही नाही. तरीसुद्धा आठवडी बाजाराच्या एका कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर मरळ, शिंगाडा, वाम, रोहू मांडलेले असतातच. त्यांचा भाव ऋतूबरोबर चढतो आणि उतरतो. नदीकाठच्या भोई कुटुंबांचे तर वर्षाचे सारे गणित या भावावर बसलेले असते. जून महिना लागला की शेतकरी ‘यंदा पीक कसे येईल?’ असे विचारतो, तसाच भोई ‘यंदा मासळी कशी राहील?’ असे विचारतो. दोघेही आभाळाकडे पाहतात. परंतु मासळीच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आभाळात असते. उरलेले अर्धे उन्हाळ्यातल्या डोहात आणि मृगाच्या पहिल्या पुरात दडलेले असते. ते कसे, हे थोडक्यात सांगावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आधी आपल्या नद्यांची ओळख करून घेऊ. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा हा पाणलोटाचा उंचवटा आहे. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून रिसोड तालुक्यात येते आणि पुढे वाशीम व हिंगोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. अडाण आणि अरुणावती येथेच जन्म घेऊन यवतमाळकडे जातात. काटा गावच्या परिसरात उगम पावणारी पूस पुसदकडे वळते. या सगळ्यांचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता अशा वाटेने गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. काटेपूर्णा मात्र उत्तरेला उतरते. तिचे पाणी पूर्णा आणि तापी यांच्या वाटेने अरबी समुद्रात जाते. म्हणजे आपल्या टेकड्यांवर पडणारा एकच पाऊस दोन समुद्रांची वाट धरतो! पण या नद्यांना बर्फाचा आधार नाही. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पौष-माघापासून प्रवाह क्षीण होतो आणि चैत्र-वैशाखात पात्रात फक्त जागोजागचे डोह उरतात. आपल्या माशांचे सारे जीवन या चढउताराला जुळवून घेतलेले आहे.

अमेरिकेच्या वायव्य भागात कोलंबिया नावाची मोठी नदी आहे. तेथील सामन आणि स्टीलहेड हे मासे नदीत जन्मतात, समुद्रात जाऊन वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदी चढून येतात. या नदीवरचे बोनव्हिल धरण १९३८ साली सुरू झाले. तेथे माशांना वर चढण्यासाठी पाण्याच्या पायऱ्या बांधल्या आहेत आणि काचेच्या खिडकीतून चढणाऱ्या माशांची मोजदाद होते. त्या आकड्यांवरून हंगामाचा अंदाज बांधतात आणि मासेमारी केव्हा सुरू करायची, केव्हा थांबवायची हे ठरवितात. त्याच नदीत स्टर्जन हा प्रचंड मासा आहे. त्याच्या मादीला वयात येण्यास पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून तेथे फार लहान आणि फार मोठा असे दोन्ही स्टर्जन पाण्यात परत सोडावे लागतात. लहान मासा अजून वाढायचा असतो, आणि मोठी मादी पुढच्या पिढीची आई असते.

आपल्या नद्यांत सामन नाही की स्टर्जन नाही. पण अंडी घालण्यासाठी नदी चढण्याची ओढ आपल्या माशांनाही आहे. मराठीत ‘चढणीचे मासे’ असा स्वतंत्र शब्दच आहे. मृगाचा किंवा आर्द्रेचा पहिला जोराचा पाऊस होतो, गढूळ पाण्याचा लोंढा येतो, आणि डोहात किंवा जलाशयात महिनोन् महिने कोंडलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. नव्या पाण्याचा थंडावा आणि पुराचा वेग ही त्यांना विणीची खूण असते. ते नाल्यांत शिरतात, पाण्याखाली गेलेल्या गवताळ काठांवर येतात आणि तेथे अंडी सोडतात. उथळ पाण्यात पिलांना सूक्ष्म खाद्य भरपूर मिळते आणि मोठ्या भक्षक माशांपासून आसराही मिळतो.

रोहू, कटला, मृगळ यांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. हे मासे साचलेल्या तळ्यात वाढतात, पण आपण होऊन तेथे वीत नाहीत. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हा हा प्रश्न सुटला. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज आपल्या धरणांत आणि तलावांत जे बीज सोडले जाते, ते याच शोधाचे फळ होय.

आता वर्षाचा फेरा पाहू. मृग-आर्द्रेत चढण होते. अंडी चोवीस तासांच्या आत फुटतात. त्यांतून निघालेल्या इवल्या पिलांना ‘जिरे’ म्हणतात, आणि ते जिऱ्याच्या दाण्याएवढेच दिसतात. पोळ्याच्या सुमारास त्यांची बोटाएवढी ‘बोटुकली’ झालेली असते. श्रावण-भाद्रपदात पाणी गढूळ आणि ओढीचे असते. तेव्हा नदीत गळ टाकून फारसे हाती लागत नाही. लागला तर रात्री फिरणारा शिंगाडा किंवा वाम लागतो.

हस्त-चित्रा संपता संपता पूर ओसरतो, पाणी निवळते आणि नाल्यांत गेलेले मासे परत पात्रात उतरतात. दसऱ्यापासून कार्तिकापर्यंतचा हा काळ मासेमारीचा खरा सुगीचा हंगाम. मासा पावसाळ्यात खाऊन पुष्ट झालेला असतो आणि विणीचे कामही आटोपलेले असते. फेकजाळे, तंगुसाचे जाळे, गळ, सारी साधने या दिवसांत चालतात. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत मासा सुस्तावतो, खोल पाण्यात बसतो आणि आमिषाकडे सहसा वळत नाही. फाल्गुनानंतर पाणी तापू लागले की तो पुन्हा खायला लागतो, परंतु आता त्याचे जग डोहापुरते आकुंचित झालेले असते.

येथेच खरी मेख आहे. उन्हाळ्यात डोहातले मासे पकडणे सर्वांत सोपे असते. पाणी कमी, मासा दाटीने कोंडलेला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. चार माणसांनी बारीक विणीचे जाळे ओढले, किंवा पंप लावून डोह उपसला, तर एका दिवसात तो रिकामा होतो. त्या दिवशी बाजारात मासळी स्वस्त होते आणि सर्वांना आनंद होतो. पण मृगात चढायचे कोणी? डोहात उरलेले मासे हेच पुढच्या वर्षाचे बियाणे असते. दोन किलोंच्या रोहूच्या मादीच्या पोटात काही लाख अंडी असतात. त्यांतली मूठभरच जगतात हे खरे, पण त्या मुठीवरच दिवाळीचा हंगाम उभा असतो. कितीही ओढग्रस्त शेतकरी पेरणीसाठी राखलेल्या ज्वारीला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करतो. डोहातल्या बियाण्याचा विचार मात्र कोणी करीत नाही, कारण ते कोणा एकाच्या कणगीतले नसते.

हीच गोष्ट चढणीच्या माशांची. पुराच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाल्याच्या तोंडाशी जाळे आडवे लावले की पोटात अंडी असलेल्या माद्या ओळीने सापडतात. मरळीचे तर आणखी वेगळे. नर-मादी उथळ पाण्यात घरटे करतात आणि पिलांचा लालसर थवा घेऊन राखण करीत हिंडतात. थव्याखाली मोठी मरळ असणार हे ओळखून तेथेच गळ टाकणारे पुष्कळ. ती एक मरळ गेली की तो सबंध थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

कोणी म्हणेल, सरकार आणि मच्छीमार संस्था बीज सोडतातच, मग नदीची एवढी काळजी कशाला? याचे उत्तर असे की हे बीज मुख्यतः रोहू, कटला, मृगळ यांचे असते आणि ते जलाशयांत सोडले जाते. शिंगाडा, वाम, कटरना हे नदीचे मासे आपले आपणच वाढतात. त्यांचा डोह उपसला गेला तर ती जागा रिकामीही राहत नाही. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया साचलेल्या पाण्यात बारमाही वितो आणि अंडी तोंडात सांभाळतो. त्याला ना पूर लागतो, ना चढण. देशी मासा कमी झाला की तो पसरतो.

वाटेतल्या अडथळ्यांचाही विचार हवा. पैनगंगेवर ईसापूरचे धरण १९८२ साली झाले आणि त्याच्या खालचा मासा वर येणे थांबले. अलीकडे जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेवर बॅरेजेस झाले. त्यांनी सिंचनाची सोय झाली आणि उन्हाळ्यात खोल पाणीही टिकू लागले, हा माशांना लाभच आहे. मात्र पहिल्या पुरात दारे कधी उघडी राहतात, यावर माशांची चढण अवलंबून असते. याहून वाईट म्हणजे विष आणि सुरुंग. कीटकनाशक ओतून किंवा जिलेटिनची कांडी फोडून मासे मारणे १८९७ सालच्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरविले होते. जाळ्यातून लहान मासा निसटू शकतो, विषातून जिरेही निसटत नाही. शिवाय तेच पाणी गुरे पितात आणि गावही वापरते.

मग करावे काय? फार मोठे काही नको. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड नावाचा नदीचा डोह आहे. तेथील मासे देवीचे मानले जातात आणि कोणी पकडीत नाही. त्यामुळे महाशीरसारखा मोठा मासा तेथे निर्धास्त वावरतो. आपल्या प्रत्येक गावाने नदीतला एक खोल डोह असा राखून ठेवावा. त्याला देवाचे नाव द्यावे की ग्रामसभेचा ठराव करावा, हे गावाने ठरवावे. चैत्र ते आषाढ त्यात जाळे पडू नये. पहिल्या पुरात नाल्यांची तोंडे मोकळी ठेवावीत. मच्छरदाणीसारखे जाळे नदीत लावू नये. ज्यांचे पोट यावर आहे त्या भोई बांधवांना विश्वासात घेऊनच हे व्हावे. डोहांची खोली आणि माशांच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक आहेत?

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकजण नदीकाठच्या किंवा नाल्याकाठच्या गावांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते करतो, झाडे लावतो. त्याच्या जोडीला आपल्या गावच्या एका डोहाची वही ठेवता येईल. वैशाखात त्यात किती पाणी उरले, पहिला पूर कोणत्या तारखेला आला, चढण किती दिवस चालली, दिवाळीत बाजारात कोणते मासे आले, एवढ्याच नोंदी. आपल्या नद्यांवर मासे मोजणारी काचेची खिडकी नाही. पण चार-पाच वर्षांच्या अशा वह्या एकत्र केल्या, तर ‘यंदा मासळी कशी राहील?’ या प्रश्नाला आभाळाकडे बोट न दाखवता उत्तर देता येईल.